तुपाचा नेम

लग्नाला तेरा वर्षं होत आली तरी मी माझ्या बायकोला जेवताना पाहिलं नव्हतं. यात काही विशेष नव्हतं. हिंगोलीतल्या आमच्या गल्लीत कोणत्याच नवऱ्यानं आपल्या बायकोला जेवताना पाहिलं नसावं. पुरुष जेवून उठत, ओसरीवर सुपारी कातरत बसत, आणि मग आत बायका बसत. माझ्या ताटात काय पडतं ते मला ठाऊक असे. मागं काय उरतं आणि कोण काय खातं, हे ठाऊक असायचं काही कारणच पडत नसे.

तुपाची वाटणी तेवढी सगळ्यांना ठाऊक होती. जवळच्या गोरेगाव खेड्याकडची एक म्हातारी पंधरवड्याला लोणी घेऊन येई. ते कढवलं की तूप पुरुषांचं आणि पाहुण्यांचं, आणि भांड्याच्या बुडाशी राहिलेली करपट बेरी बायकांची. ही वाटणी कुणी ठरवली होती कोण जाणे, पण कचेरीतल्या कुठल्याही हुकुमापेक्षा ती बिनचूक पाळली जाई.

कचेरी म्हणजे मुन्सफाचं कोर्ट. मी तिथं अहलकार होतो, म्हणजे कारकून. साक्षीदार मराठीत बोलत आणि मी ते उर्दूत उतरवून घेई, कारण निजामाच्या राज्यात कागदाला मराठी समजत नसे. या कामानं माणसाला दोन सवयी लागतात. समोरचा खोटंच बोलतोय असं धरून चालायची, आणि आपण नुसते लिहून घेणारे, आपला यात काही हात नाही, असं समजायची. मला दोन्ही लागल्या होत्या. शिवाय टपालानं मासिकं मागवून वाचणारा आणि उपासतापासांची टिंगल करणारा माणूस म्हणून गल्लीत माझी थोडी ख्याती होती. ती मला आवडे.

घरात आम्ही तिघंच. मी, ती, आणि माझी विधवा आत्या. लेकरू नव्हतं.

त्या उन्हाळ्यात तिला तहान लागू लागली. उन्हाळ्यात तहान सगळ्यांनाच लागते म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. मग ती वाळू लागली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. न्हाणीच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागलेली आत्यानं पाहिली आणि मला बाजूला बोलावून सांगितली. गुळाचा खडा पडला असेल, मी म्हटलं. आत्या म्हणाली की न्हाणीत गूळ कोण नेतं, तू वाचतोस ना एवढं, मग वाच की यावर काही.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादेकडून बदलून आलेले, पन्नाशीचे मुसलमान गृहस्थ होते. हुद्दा असूनही स्वतःचं दार स्वतः उघडणारा हिंगोलीतला बहुधा तो एकच माणूस. त्यांनी काचेच्या नळीत थोडं निळं औषध घेतलं, त्यात तिच्या लघवीचे मोजून आठ थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळं, मग विटेसारखं लाल आणि दाट. ते काही बोलण्याआधी मला समजलं. लाल रंग कुठल्याच कामात चांगल्या बातमीचा नसतो.

मधुमेह होता. सुईनं द्यायचं औषध निघालंय, ते म्हणाले, पण ते रोज टोचावं लागतं आणि थंड जागी ठेवावं लागतं, आणि हिंगोलीत थंड जागा म्हणजे विहिरीचा तळ. हैदराबादेत बिऱ्हाड करता येत असेल तर करा. ते मला करता येण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी दुसरा रस्ता सांगितला. सुई निघण्याआधी विलायतेतले डॉक्टर हाच वापरत, आणि त्यावर रोगी वर्षानुवर्षं जगलेले आहेत. भाकरी, भात, पोळी, साखर, गूळ, सगळं बंद. त्या जागी तूप, लोणी, साय, दही, खोबरं आणि पालेभाज्या. अंडी आणि मटणही त्यांनी म्हटलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि स्वतःच खोडलं.

“धान बंद, घी खुला,” त्यांनी सांगितलं. “इनके बदन में धान जलता नहीं, पानी के साथ बह जाता है. घी जलेगा.”

निळ्या औषधाची एक बाटली, नळी आणि दिवा त्यांनी मला देऊन टाकला आणि आठवड्याला तपासून रंग कळवायला सांगितलं. मी मोठ्या उत्साहानं घरी आलो. मासिकांतून वाचलेलं शास्त्र पहिल्यांदाच माझ्या घरी, माझ्या हातानं चालणार होतं.

घरात ते चाललं नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “वाटीभर तूप म्या खायचं? अन् तुमी काय खायचं?”

मी सांगितलं की मला भाकरी आहे. ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की मी खरंच म्हणतोय, तेव्हा ती घाबरली. बाईमाणसानं वाटीनं तूप ओरपायचं म्हणजे गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही. गोरेगावची म्हातारीच चार घरी सांगत सुटेल. आणि भाकरीवाचून पोट भरतं कसं? आत्याचंही तेच. लंघन करायचं तर करू, लंघनानं रोग जातात, पण तूप खाऊन कुणाचा रोग गेला?

तीन आठवडे मी रोज समजावलं. ती माझ्यासमोर हो म्हणे. दर रविवारी नळी लाल होई. विचारलं की ती खाली बघून कबूल करी, अर्धी भाकरी खाल्ली, राहवलं न्हाई. खोटं ती बोलत नसे, हे मी तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं.

तेवढ्यात आषाढ आला आणि मला युक्ती सुचली.

आमच्याकडे आषाढी एकादशीला चातुर्मासाचे नेम धरतात. कुणी वांगं सोडतं, कुणी मीठ सोडतं, कुणी पानावर जेवतं. आत्यानं दर वर्षी काही ना काही सोडलेलं असे, आणि दर वर्षी मी त्यावर काहीतरी बोललेलं असे. डॉक्टरासाठी भाकरी सुटत नसेल तर देवासाठी सुटेल, हे मला एकाएकी उमगलं. आदल्या दिवशी मी आत्याला म्हटलं की हिला चार महिने धान्य सोडायचा नेम घेऊ दे. तूप मात्र भरपूर खायचं, ते नेमातच धरा.

“उशिरा का व्हईना, देवानं डोकं दिलं रे तुला,” आत्या म्हणाली.

आणि जे तीन आठवड्यांत झालं नव्हतं ते एका सकाळी झालं. देवापुढं पळीभर पाणी सोडून तिनं नेम घेतला. आत्या तिला पुढचे नियम सांगत होती. श्रावणात पालेभाजी न्हाई, भाद्रपदात दही न्हाई, आश्विनात दूध न्हाई, कार्तिकात डाळ न्हाई. मी पाटावर बसून मनात हसत होतो. ते शब्द माझ्या कानांवरून गेले. कोर्टात वकील कायद्याची कलमं म्हणू लागला की मी लेखणी खाली ठेवतो, तसंच.

कचेरीत मी ही गोष्ट रंगवून सांगितली. देवाच्या मोहोरेनं डॉक्टरचा हुकूम कसा बजावला, वगैरे. लोक हसले. डॉक्टरांनाही सांगितली. तेही हसले, पण जाता जाता म्हणाले, “खाती क्या हैं, ये देखते रहना.” मी म्हटलं, घी, दही, भाजी. पाहिलेलं नव्हतं. सांगितलेलं होतं, तेच पाहिल्यासारखं म्हटलं.

पहिल्या रविवारी नळी हिरवी झाली. लाल नाही, पिवळी नाही, कोवळ्या पानासारखी हिरवी. मी ती ओसरीवर उजेडात नेऊन आत्याला दाखवली, तिला दाखवली. तिला रंगाचं काही वाटलं नाही. पण मला एवढं खूश झालेलं तिनं पाहिलं नसावं, म्हणून तीही खूश झाली. दुसऱ्या रविवारीही हिरवी.

चौथ्या रविवारी नळी पिवळी झाली. सहाव्या रविवारी विटकरी.

मी औषध बदलून पाहिलं. डॉक्टरांकडून नवी बाटली आणली. स्वतःची लघवी तपासली, नळी निळीच राहिली. म्हणजे औषधात दोष नव्हता. दोष शिल्लक राहिला तो एकीकडेच.

त्या दिवशी मी घरात जबानी घेतली. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. तिला समोर बसवलं आणि विचारलं, भाकरी खाल्लीस? नाही. भात? नाही. पोळी, चुकून, शेजारी कुणी दिलेली? नाही. पिठलं, डाळ, साखर? नाही, नाही, नाही. प्रत्येक ‘नाही’ ती सारख्याच आवाजात म्हणत होती, आणि कोर्टात असं सारखं उत्तर देणारा साक्षीदार पढवलेला असतो, असा माझा अनुभव होता.

“मग हे लाल कसं?” मी नळी पुढं धरली.

“म्या काय सांगू. तुमचं औषध खोटं बोलत असंल.”

“औषध खोटं बोलत नाही,” मी म्हणालो. “माणसं बोलतात.”

वाक्य चांगलं जमलं होतं. म्हणून तर ते तोंडातून गेलं. ती उठली, नळी माझ्या हातातून घेतली, धुतली आणि खुंटीवरच्या फडक्यात परत ठेवून दिली.

आत्यानं तिची बाजू घेतली. “माझ्याम्होरं खाते ती. जवारीचा दाणा शिवली असंल तर माझी जीभ झडून जाईल.” मला वाटलं की दोघी मिळालेल्या आहेत. दुसऱ्या दिवशी मी पिठाच्या डब्याला कुलूप घातलं. सकाळी कचेरीत जाण्याआधी माझ्यापुरतं आणि आत्यापुरतं पीठ काढून देई आणि किल्ली जानव्याला बांधून जाई. जानव्याचा मला झालेला तेवढाच उपयोग, असा विनोदही मी कचेरीत केला.

भाद्रपद लागला. तिच्या पायाच्या बोटाला, जोडव्याखाली, काहीतरी झालं होतं. लहानशी जखम, म्हणाली, काचलंय. हळद लावली आहे. मी डॉक्टरांकडे चल म्हटलं तर ती येईना. मी तिथं जाऊन खोटी ठरू का, एवढंच म्हणाली. मी एकटाच जाऊन डॉक्टरांना सांगून आलो की रोगी चोरून खातो. ते विचारात पडले. चोरूनच खायचं असतं तर पहिले दोन आठवडे नळी हिरवी राहिली नसती, ते म्हणाले, त्यांना घेऊन या. मी बघू म्हटलं. हट्टानं हट्टाला उत्तर द्यायची ती वेळ नव्हती, पण मी तेच केलं.

मग एक दिवस सुभ्याहून कुणी बडे अंमलदार कचेरी पाहायला येणार होते. आम्ही सगळे अहलकार सकाळपासून बंद गळ्याच्या शेरवान्या घालून, डोक्यावर दस्तार चढवून, फाटकापाशी दोन रांगांत उभे. शिपायांनी रस्त्यावर पाणी शिंपडलं होतं. ऊन चढलं तसं ते वाळलं, पुन्हा शिंपडलं, पुन्हा वाळलं. दोन प्रहर उलटल्यावर निरोप आला की साहेबांची मोटर परस्पर परभणीला गेली. मुन्सफसाहेबांनी रिकाम्या रस्त्याला एक सलाम केला, असं मला तरी दिसलं, आणि आम्हाला सुट्टी दिली.

म्हणून मी त्या वेळी घरी पोचलो. पुढचं दार उघडं होतं. आत्या पडवीत झोपली होती. मी जोडे काढून आत गेलो आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबलो.

ती चुलीशी भिंतीला टेकून बसली होती. दुखरा पाय लांब केलेला. समोर ताट. ताटात भगरीचा ढीग, वर तूप, वाटीत शेंगदाण्याची आमटी. शेजारी उकडलेली रताळी, एक केळं आणि चार खजूर. सगळं नीट, स्वच्छ मांडलेलं. हे ताट मी ओळखत होतो. एकादशीला आत्यापुढं असतं तेच. घरात जन्मभर ते पाहत आलो होतो, आणि त्यात काय असतं याचा एकदाही विचार केला नव्हता, कारण उपास हा माझ्या मते विचार करण्याचा विषय नव्हता.

धान्य सोडलं की काय खायचं, हे आमच्याकडे हजार वर्षं ठरलेलं आहे. भगर धान्यात मोजत नाहीत. रताळं चालतं, राजगिरा चालतो, शिंगाडा, केळं, खजूर, सगळं चालतं. देवाला चालतं. डॉक्टरांनी जे जे बंद केलं होतं ते या ताटात दुसऱ्या रूपानं हजर होतं. आणि डॉक्टरांनी जे खायला सांगितलं होतं, ते माझ्याच नेमानं बंद पडलं होतं. श्रावणात पालेभाजी गेली. भाद्रपदात दही गेलं. पहिले दिवस ती घाबरून नुसती भाजी, दही आणि तूप खात होती, म्हणून नळी हिरवी. मग तिला चक्कर येऊ लागली, तेव्हा आत्यानं मायेनं नीट फराळ सुरू केला. केळीच्या बागांच्या डोंगरकडा गावाहून कुणाबरोबर तरी मुद्दाम केळी मागवली. मी पिठाच्या डब्याला कुलूप घातलं, तसा फराळ आणखी वाढला, कारण सून उपाशी राहते की काय, अशी तिला भीती वाटू लागली.

तिनं मला पाहिलं. लाजली, ताटावर पदर ओढू लागली, मग थांबली. पदर बाजूला केला आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

“बघा,” ती म्हणाली. “आहे का कुठं दाणा?”

दाणा नव्हता. मी तिथंच खाली बसलो, शेरवानीसकट. सांगितलं, हे चालत नाही. रताळी नाही, भगर नाही, केळं नाही, यातलं काहीच नाही, फक्त तूप आणि शेंगदाणे.

तिला समजायला वेळ लागला. “मग हे तुमी आधी काहून न्हाई सांगितलं?”

“तू विचारलं नाहीस,” मी म्हणालो.

“तुमी तरी कुठं विचारलं,” ती म्हणाली.

एवढंच. रागानं नाही. खरोखरच मी विचारलं नव्हतं. भाकरी खाल्लीस का, भात खाल्लास का, हे विचारलं होतं. काय खाल्लं नाही याची यादी मी तिच्याकडून दहादा वदवून घेतली. काय खाल्लंस, हा एक प्रश्न माझ्या जबानीत नव्हता. आयुष्यभर लोकांचे प्रश्न लिहून घेणाऱ्या माणसाला स्वतःचा एक प्रश्न धड विचारता आला नाही. उपासाची टिंगल करायला उपास ठाऊक असावा लागतो, हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं.

नेम मोडायला ती तयार नव्हती. देवापुढं पाणी सोडलेलं. शेवटी मी नरसीला गेलो आणि तिथल्या एका वृद्ध भटजींना सगळं सांगितलं. मनात होतं की आता हे प्रायश्चित्त, दानधर्म आणि ब्राह्मणभोजनाची यादी काढतील, आणि मला थोडं तरी बरं वाटेल. त्यांनी काही काढलं नाही. आजाऱ्याला औषध म्हणून काहीही चालतं, ते म्हणाले, नेमाच्या आधी विचारलं असतंत तरी हेच सांगितलं असतं. मी तिथंही विचारलं नव्हतं.

तिला घेऊन दवाखान्यात गेलो तोवर बोट काळं पडलं होतं. सूज एवढी की जोडवं निघेना. सोनाराला बोलावून ते कापावं लागलं. सवाष्णीचं जोडवं कापायला सोनार आधी तयारच होईना. तिनं मान भिंतीकडे वळवली होती. मग डॉक्टरांनी बोट काढलं, आणि आठ दिवसांनी शेजारचंही. मी त्यांना भगरीचं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हात पुसत राहिले. “आपने नहीं पूछा,” ते म्हणाले, “मैंने भी कहाँ पूछा. मैं समझा, रोज़ा होगा.” त्यांनी अर्धा दोष स्वतःकडे घेतला. तो त्यांचा मोठेपणा. माझा काही त्यामुळं अर्धा झाला नाही.

त्यानंतर पथ्य खरं सुरू झालं. मेथी, माठ, अंबाडी, दोडकी, घट्ट दही, खोबऱ्याचा कीस, आणि वाटीभर तूप. गल्ली बोलली, मग थकली. आत्या स्वतःच्या हातानं तिच्या वाटीत तूप ओतू लागली आणि बेरी स्वतः खाऊ लागली. नळी हिरवी झाली, कधी कधी निळीसुद्धा राहिली. लंगडत का होईना, ती दहा वर्षं जगली. डॉक्टर म्हणत की तुपावर इतकी वर्षं हा चमत्कारच. त्यांना जे दिसत होतं ते मलाही दिसत होतं. त्याशिवाय मला आणखी एक गोष्ट रोज दिसत होती, ती त्यांना माहीत नव्हती.

दवाखान्यातून परतल्यावर पहिल्याच दिवशी, माझं जेवण झाल्यावर, तिनं स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि ते घेऊन ओसरीवर आली. माझ्यासमोर धरलं. मला वाटलं की काही विचारायचं असेल. तिला काही विचारायचं नव्हतं. मी पाहिलं एवढी खात्री झाल्यावर ती वळून आत गेली आणि जेवायला बसली. संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मी म्हटलं, दाखवायची गरज नाही. ती म्हणाली, असू द्या, बरं असतं. मी म्हटलं, आपण सोबतच जेवत जाऊ, लोक गेले खड्ड्यात. तिला ते अगदीच अघोरी वाटलं. मी एकदा तिच्यासमोर कबूल केलं की मी चुकलो, तुझ्यावर संशय घेतला तो खोटा होता. तिनं ऐकून घेतलं. “जाऊ द्या आता,” म्हणाली, आणि संध्याकाळी ताट घेऊन आली. कधी मी मुद्दाम मासिकात डोकं घालून बसे. ती उभी राही. लंगड्या पायावर ती किती वेळ उभी राहील, या विचारानं शेवटी मीच मान वर करी. मग मी मान हलवायला शिकलो. मुन्सफसाहेब एखादा दाखला पाहून मान हलवत, तशीच. ती आत जाई.

आत्या गेली. डॉक्टरांची बदली झाली. ताट येत राहिलं.

निजामाचं राज्य जायच्या वर्षी आमच्या भागात धामधूम सुरू झाली, तेव्हा पुष्कळांसारखे आम्हीही हद्द ओलांडून वाशिमकडच्या एका खेड्यात माझ्या मावसभावाकडे जाऊन राहिलो. तीन-चार महिने. परक्याच्या घरी वाटीभर तूप कोण मागणार? तिनं एकदाही मागितलं नाही. जे होतं त्यातलं भाजी आणि ताक घेई, आणि नाइलाजानं कधी भाकरीचा तुकडा. तपासायची नळी आम्ही गडबडीत घरीच विसरलो होतो. हिंगोलीला परतलो ते तिला बैलगाडीत आडवं घालून. पुढची संक्रांत तिनं पाहिली नाही.

तिथं, त्या पाहुण्यांच्या घरीसुद्धा, ती रोज दोन वेळा ताट घेऊन ओसरीवर येई. पाच-पंचवीस माणसं वावरत असत. तिला त्याचं काही वाटत नसे. एकदा ताटात अर्धी भाकरी होती. ती नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिली. मी मान हलवली.

मावसभावाची बायको हे बरेच दिवस पाहत असावी. एका दुपारी सुपारी देताना तिनं मला विचारलं, “काय हो भाऊजी, तुमच्याकडं बाई नवऱ्याला ताट दाखवूनच जेवते काय? अशी रीत असते काय तुमच्या मुलखात?”

माझ्यापुढं दोन उत्तरं होती. एक लांब होतं.

“हो,” मी म्हणालो. “रीत आहे.”

ती आत गेली. थोड्या वेळानं ती आपल्या सुनेला सांगत असल्याचं ऐकू आलं, बघ, निजामाकडच्या बाया नवऱ्याचा किती मान ठेवतात, अन् तू. माझी बायको तिथंच बसलेली असणार. ती काही बोलल्याचं ऐकू आलं नाही, आणि मीही उठून आत गेलो नाही.